पाय बघणारी ताई

युवक केंद्रातली मुलं ताईंना पाठीमागे ‘एक्स-रे’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. ताई तिथे सायकल दुरुस्ती शिकवायच्या, आणि शिकवताना त्यांचा एक डोळा हत्यारांच्या कपाटावर असायचाच.

ही नजर कपड्यांच्या दुकानातली. सतराव्या वर्षी ताई तिथे घड्या घालायला लागल्या. रोज सुटताना मालकीणबाई त्यांना पिशवी टेबलावर उलटी करायला लावायच्या. कधी काही सापडलं नाही, पण डबा, कंगवा, विटका रुमाल असा सगळ्यांसमोर मांडताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पुढे बढती मिळाली, आणि इतरांच्या पिशव्या उलट्या करायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं. त्यात त्या चांगल्याच तरबेज झाल्या. चेहरा नाटक करतो, पाय मात्र घाई करतात, म्हणून त्या आधी पाय बघायच्या.

दुकान बंद पडलं. वडिलांच्या सायकल दुरुस्तीतलं कसब कामी आलं आणि केंद्रात नोकरी लागली. “इथे कुणाची झडती घ्यायची नाही,” एवढं एकच केंद्राच्या प्रमुखबाईंनी बजावलं. ताईंनी मान डोलावली. डोलवायला काय जातंय!

मग ती मुलगी आली. अबोल, पण कामाला वाघ. सगळे गेल्यावरही हात काळे करत बसायची. ताईंना तिचा इतका लळा लागला की पुढे हा वर्ग तिच्याच हाती द्यायचा, हे त्यांनी मनात ठरवूनही टाकलं. आणि नेमका त्याच आठवड्यात चांगला पाना गायब झाला.

मनात शंकेची पाल चुकचुकली. शेवटी कोण थांबतं? पिशवी जवळून का हलवत नाही? त्या संध्याकाळी मुलगी घाईने निघाली आणि ताईंना राहवलं नाही.

“पिशवी दाखव.”

मुलीने पिशवी उलटी केली. टॉवेल, वही, अर्धा पाव. दारातली मुलं बघत होती.

दुसऱ्या दिवशी प्रमुखबाई पाना घेऊन हसत आल्या. “अहो, माझी सायकल दुरुस्त करताना तुम्हीच नटावर अडकवून ठेवला होतात!”

ताईंचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी सगळ्यांसमोर मुलीची माफी मागितली. ती “बरं” म्हणाली, आणि सुटताना टेबलापाशी येऊन तिने पिशवी उलटी केली.

“अगं, नको ना.”

“राहू दे ताई. परत विचारायला नको.”

मग हे रोजचंच झालं. ते सामान बघताना ताईंना आपला विटका रुमाल आठवायचा. आपणही मालकीणबाईंना कधी माफ केलं नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बऱ्याच दिवसांनी एकदा, चाक नीट बसल्याच्या आनंदात, मुलगी “येते हं ताई” म्हणत टेबलापाशी न थांबता निघाली. ताईंचा जीव भांड्यात पडला. आणि त्याच क्षणी, सवयीने, त्यांची नजर खाली तिच्या पायांवर गेली.

मुलीने दारातून वळून पाहिलं. ताईंनी नजर उचलली, पण उशीर झाला होता. ती परत आली, आणि तिने पिशवी टेबलावर उलटी केली.