एका कचेरीला एकच पान

मलावी देशातल्या झोंबा शहराच्या वाचनालयात दर शनिवारी ज्ञानकोशाची मंडळी जमत. कोश कसला, वाचनालयाच्या एकुलत्या एका संगणकात भरलेली तीन-चारशे पानं. पण चिचेवा भाषेत आपल्या मुलखाबद्दल कुणी सलग लिहिलंय, असं दुसरं होतं कुठे? मंडळींचे म्होरके लॅक्सन नमसासू. बी-तपासणी कचेरीच्या बारनिशीत चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेले. माणूस असा, की बायकोनं बाजारातून सुके मासे आणले तरी आधी तारीख विचारायचा.

सरकारी खात्यांच्या पानांत गोंधळ होता, बरं का. कुणी लिहिलं 'पाण्याची कचेरी', कुणी 'मलावी जल मंडळ', कुणी नुसतंच 'जल मंडळ, झोंबा'. कचेरी एक, पानं तीन, आणि तिन्हींत साहेब वेगळा.

"असू दे की," निवृत्त पोस्टमन फॅन्युएल कचाले म्हणाला. "मलाही गावात तीन नावं आहेत. दोन तर सासरवाडीनं ठेवलेली."

मंडळी हसली. नमसासू हसले नाहीत. पुढच्या शनिवारी त्यांनी नियम लिहून आणला. आज कचेरीच्या शिक्क्यावर जे नाव आहे तेच शीर्षक. आधी नाव, मग देश. आणि बंद पडलेल्या कचेरीला वेगळं पान नाही. ती जिच्यात विलीन झाली तिच्या पानावर एक ओळ, बस्स. हात वर झाले, नियम झाला. आणि नियम झकास होता हो, खोटं कशाला बोला. दोन महिन्यांत यादी शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेसारखी सरळ झाली.

एकच हात खाली राहिला होता. एस्नार्ट लिकोंगवे, चौथीच्या वर्गाची बाई. तिचा बाप गुरांना रोग देणाऱ्या त्सेत्से माशीच्या नियंत्रण कचेरीत होता; रानाकडेच्या गावांतून गुरं तपासत हिंडायचा आणि हिंडता हिंडताच गेला. कुठल्या गावानं गुरं लपवली, कुणी शिव्या दिल्या, कुणी मक्याची न्सिमा जेवायला वाढली, सगळं आईच्या तोंडून ऐकून तिनं त्या कचेरीचं पान लिहिलं होतं. कचेरी केव्हाच पशुवैद्यक खात्यात बुडाली होती.

"बाबा, शीर्षक हवं ते द्या," ती नमसासूंना म्हणाली. "पान तेवढं राहू द्या."

"मास्तरीणबाई, एका पोराची हजेरी दोन रजिस्टरांत लावता का?"

"मेलेल्या पोराचं नाव मी खोडूनही टाकत नाही."

नमसासूंनी पान एका ओळीत बसवलं. मग बारनिशीवाला जे करतो तेच केलं. फाइल नव्या नावाखाली गेली की जुनं कव्हर जाळायचं. कचेरीच्या मागच्या अंगणात त्यांनी अशी पिंपं भरभरून कव्हरं जाळली होती. त्याच हातानं त्यांनी जुनं पान कायमचं पुसलं. दुसऱ्या कुणी ते कुठंतरी कोपऱ्यात ठेवून दिलं असतं.

पुढच्या वर्षी राजपत्र आलं. नमसासूंची बी-तपासणी कचेरी एका मंत्रालयात विलीन.

तिचं पान म्हणजे नमसासूंचा जीव. एकवीस परिच्छेद. त्यातल्या चौथ्यात, पुराच्या वर्षी बियाणं पोचवताना घाटात ट्रकसकट गेलेल्या तिघांची नावं. एकाच्या शेजारच्या खुर्चीवर नमसासू बारा वर्षं बसले होते. ती नावं दुसऱ्या कुठल्याही कागदावर नव्हती. नमसासूंना हे पक्कं ठाऊक होतं, कारण कचेरीचे जुने कागद त्यांनीच निकालात काढले होते.

तीन शनिवार राजपत्र नमसासूंच्या पिशवीतून बाहेर निघालं नाही. चौथ्या शनिवारी ते खाली बघत म्हणाले, "एक अपवाद मागतो."

सगळ्यांनी एस्नार्टकडे पाहिलं. पहिला हात तिचाच वर गेला.

"बाबा, तुमचं पान राहू द्या."

"मिटलं तर," कचाले म्हणाला. "चहा सांगा."

नमसासूंना हायसं वाटायला हवं होतं. ते घाईघाईनं म्हणाले, "आणि पोरी, तुझंही परत लिहू. आईला विचारून ये, मी स्वतः टाइप करतो."

"आई फेब्रुवारीत गेली, बाबा. तुम्ही मयतीला आला होतात. वहीत सही केलीत, वेळ घालून."

"तुला आठवत असेल थोडंफार."

"बाप आठवतो. गावं आठवत नाहीत, माणसं आठवत नाहीत. पानावर होती, म्हणून निर्धास्त होते."

चहा कुणी सांगितला नाही. नमसासू उठून संगणकापुढे बसले. कुणाच्या ध्यानात यायच्या आत त्यांनी चौतीस वर्षं एका ओळीत बसवली आणि जुनं पान पुसलं. मग वळून एस्नार्टकडे पाहिलं, जणू पोच हवी होती.

"हे कशाला केलंत?"

"नियम सगळ्यांना सारखा."

"माझं एक गेलं होतं," ती वह्यांचा गठ्ठा उचलत म्हणाली. "आता दोन गेली. एवढंच झालं, बाबा."

ती गेली. एकेक करून बाकीचेही उठले. नमसासूंनी खिशातलं पेन काढलं आणि एका कपट्यावर ती तीन नावं लिहायला घेतली. दोन झरझर आली. तिसरा ट्रकचा ड्रायव्हर. त्याला सगळे ड्रायव्हरच म्हणायचे.

"काय शोधताय?" दारातून कचालेनं विचारलं.

"काही नाही. तू हो पुढे."