तिला तापच होता

त्या वर्षांत आमच्याकडे कोणी तरणंताठं माणूस गेलं, की लोक आधी हळूच एकच विचारायचे, "काही घेतलं-बितलं त नाही?" घेतलं म्हणजे पिकावर फवारायचं औषध. कापसाचे दिवसच तसे होते. आज या गावात कोणी, उद्या त्या गावात. लोकांना त्या प्रश्नाची सवयच लागून गेली होती. एखादा म्हातारा दम्याने गेला तरी विचारतील, इतकी. माझी मैत्रीण गेली तेव्हाही विचारलंच. अहो, तिच्या घरी गुंठाभर शेती नाही! आम्ही दोघी आर्णीला लेडीज टेलर. एका गाळ्यात दोन मशिनी आणि दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. कापसाला भाव नाही मिळाला की लग्नं साधी व्हायची, आणि मग नव्या ब्लाउजऐवजी जुनी उसवून द्यायला बायका यायच्या. कापसाशी आमचा संबंध एवढाच. तरी विचारलं. माझं असं डोकं फिरलं होतं ना!

डोकं तर माझं तसंही कामातून गेलेलं. शाळेपासून अर्धशिशी. आधी डोळ्यांपुढे चमचम सुरू होते, वर्कच्या साडीवर ऊन पडावं तशी. मग समोरच्याचा अर्धा चेहराच दिसत नाही. मग शब्द पळतात. दोरा म्हणायचं असतं आणि तोंडातून दरवाजा निघतो. दुखणं त्याच्या मागून येतं आणि पाहुण्यासारखं मुक्काम ठोकतं. दुकानात हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी घाबरून रडायलाच लागले. ही मात्र हसत सुटली. "आली वाटते तुही लोडशेडिंग," म्हणाली, शटर अर्धं ओढलं आणि मला कपड्यांच्या गठ्ठ्यावर आडवं केलं. तेव्हापासून माझ्या आधी तिलाच कळायचं. माझा एखादा शब्द चुकला की ती मशीन थांबवायची, गिऱ्हाइकाला माझ्या वतीने उत्तरं द्यायची, आणि खरं सांगू, माझ्यापेक्षा बरी द्यायची.

तिची आई भावाकडे लग्नाला बोरी अरबला गेली होती, तेव्हा हिला ताप भरला. घरात दोघीच मायलेकी, म्हणून मी सोबतीला राहिले. पट्ट्या मी ठेवल्या. डॉक्टरकडे मी नेलं, थर्मामीटर मी पाहिलं. ताप उतरेना म्हणून यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिथे डॉक्टर म्हणाले, ताप डोक्यात गेला. आई पोचली तोवर हिची शुद्ध गेलेली. सकाळी सगळं संपलं. इतकं सरळ आहे. यात घेण्याचं काय आलं?

पण लोकांचं तोंड कोण धरणार! बस स्टँडवर, भाजीच्या गाडीपाशी, साडी पिकोला देता देता बायका विचारायच्या. "तसं काही नव्हतं न व?" "लपवून त नाही राह्यली?" सुरुवातीला मी भांडायचे. मग नुसती मान हलवायचे. आणि मग एक दिवस माझ्याच मनात आलं, दवाखान्यात नेण्याच्या आदल्या रात्री, पट्ट्या ठेवता ठेवता, माझा थोडा डोळा लागला होता. तेवढ्यात... छे! बावळटपणा नुसता. ती उठूनसुद्धा बसू शकत नव्हती. पण एकदा असलं काही डोक्यात शिरलं की निघत नाही. त्यात डोकं रोज ठणकायला लागलं. आधी महिन्यातून एखाद्या वेळी यायचं, आता जायचं नावच घेईना. गोळी घेतली की कमी व्हायचं, म्हणजे ती अर्धशिशीच. पण जरा बरं वाटलं की ती आठवायची आणि पुन्हा कपाळ उडायला लागायचं, मग ते काय होतं? मला काही उमगत नव्हतं. विचारायचं कोणाला, तर तिलाच विचारायची सवय.

त्यांचं घर बौद्ध. आमच्यासारखी तेरवी नाही, जलदान विधी असतो. वंदना होते, मग जवळची माणसं माईकवर गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतात. तिच्या आईला मीही मायच म्हणायचे. आदल्या दिवशी माय मला म्हणाली, "उद्या तू बोल. साऱ्यासमोर सांग, का तिले ताप होता. मी सांगतलं त म्हणतीन, आई हाय, झाकून राह्यली. तू सोबत होती. तुह्यं ऐकतीन."

मी म्हटलं, "सांगीन न, माय. कायले काळजी करतं?" घरी येऊन चार वाक्यं तयार केली आणि शाळेतल्या कवितेसारखी घोकली.

मांडव भरला होता. कडक ऊन, कर्णा, अगरबत्त्या, समोर रांगेने पांढऱ्या साड्या. माझ्या डोक्याला आवतण द्यायला आणखी काय पाहिजे! सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी माझं नाव पुकारलं. माईक हातात घेतला आणि चमचम सुरू झाली. आता नको गं बाई, म्हटलं, पाच मिनिटं थांब. पहिल्या रांगेत माय बसली होती, तिचा अर्धा चेहरा गेला. मी घाईघाईने म्हटलं, "तिले काय झालं होतं, ते मी सांगतो. तिले..."

आणि ताप हा शब्दच गेला. एवढासा शब्द! जिभेवर तांदूळ आला, तो गिळला. मग तिकीट आलं. मी नुसती "तिले, तिले" करत उभी. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, "सांगता नाही येऊन राह्यलं बिचारीले. काहीतरी हाय व." आजूबाजूच्या माना हलल्या. मला दिसत अर्धंच होतं, पण तेवढं नेमकं दिसलं. ओरडावंसं वाटलं, अवं भैताडांनो, हे माझं दुखणं आहे, तिचा काय संबंध! पण ओरडायलाही शब्द लागतात. माझ्या वतीने बोलणारी तर हार घातलेल्या फोटोत होती. गुरुजींनी हळूच माईक काढून घेतला.

मायने मला धरून आतल्या खोलीत नेलं. खिडकीला चादर लावली. मला भडभडून उलटी झाली, तिने भांडं धरलं, तोंड पुसलं. बाहेर पंगत बसल्याचा आवाज येत होता. हळूहळू शब्द परत आले, आणि ठणका सुरू झाला. मला वाटत होतं, आता ही मला बोलेल, आणि बोलावंच. इतका राग आला होता मला माझा.

"माय, मले सांगता नाही आलं," मी म्हटलं.

ती खाटेच्या कडेला पाठमोरी बसली होती. "काय सांगणार होती?"

"तू म्हटलं तेच. तिले ताप होता."

माय अगदी बारीक आवाजात म्हणाली, "होता न व?"

मला आधी कळलंच नाही. वाटलं, माझ्याच कानांचा काही घोळ आहे.

"तू होती तिथी," माय म्हणाली. "मी त लग्नात जेवून राह्यलती. मले काय माहीत? जो येते तो विचारते. मी त्याइले ठणकावून सांगतो, ताप होता म्हणून, अन् मंग एकटी बसली का मलेच काही समजत नाही. म्हटलं, तू माईकवर सांगशीन, त मीबी ऐकीन."

मी उठून बसले. उजवी बाजू फुटेल की काय असं झालं होतं. "होता, माय," मी म्हटलं. "एकशे चार होता. म्या पाह्यला. पट्टी ठेवली का लगेच सुकत होती."

"अन् पाणी?"

"माह्या हातानं पाजलं. चमच्यानं."

"तू जागी होती?"

डोकं भणाणत होतं. काय सांगावं, मला खरंच समजेना.

"जागीच होती," मी म्हटलं.

बाहेरून कोणीतरी तिला जेवायला हाक मारली. चादरीच्या फटीतून येणारं ऊन तिने हाताने अडवलं आणि म्हणाली, "पुन्हा एक बार सांग. पयल्यापासून सांग."

मी पहिल्यापासून सांगायला लागले.