फुटबॉलपटूच्या कबरीवरची शेवंती

इंग्लंडमध्ये, लेस्टरला, शनिवारच्या शिफ्टला जाताना मी दफनभूमीतून शॉर्टकट घेते. तिथे एक मराठी काका हमखास दिसतात, गुडघ्याखाली उशी घेऊन एक कबर ब्रशने घासताना. कबर व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कुणा गोऱ्या फुटबॉलपटूची. मला आधी हे वेडच वाटायचं.

"बँकेत क्लार्क होता हा," काका सांगतात. "खेळायचा निव्वळ हौसेने. पेनल्टी मिळाली की मुद्दाम बाहेर मारायचा. समोरचा जाणूनबुजून फाउल करेल, हे त्याला पटायचंच नाही!" आणि सख्ख्या भावाचं कौतुक केल्यासारखी मान डोलावतात. हे सगळं त्यांनी लायब्ररीतल्या जुन्या पेपरांतून शोधलंय. घासून झालं की दगडावर शेवंती ठेवून ते तासभर तिथेच बसतात.

परवा मी चेष्टेने म्हटलं, "काका, त्याला शेवंती आवडायची, हेही पेपरात होतं का?"

काका हसले नाहीत.

"ती आमच्या हिची आवड. ही गेली, अस्थी सोअर नदीत सोडल्या. पाणी वाहून गेलं गं. मग हिच्यापाशी बसायचं कुठे? याच्याकडेही कोणी येत नव्हतं. पण अनोळखी माणसाच्या दारात दर आठवड्याला कसं बसायचं? म्हणून आधी त्याची सगळी माहिती काढली."