सावलीतला इतिहास

छत्रीमामांना हे शहर मनातून कधी आवडलंच नाही. दहा देशांची माणसं म्हणे इथे येऊन मिसळली. मिसळली कसली, एकमेकांकडे पाठ करून दुकानं चालवत राहिली. पण परगावच्या विद्यार्थ्यांना हेच ऐकायचं असतं, म्हणून मामा शहर दाखवताना विरलेल्या कापडाची छत्री झेंड्यासारखी उंच धरून सव्वीस वर्षं हेच ऐकवत होते. त्यांच्या टाचा झिजल्या, आणि टाचांबरोबर इतिहासही. जिथे घडलं तिथे ऊन असलं, की घटना उचलून सावलीत ठेवायची, ही त्यांची रीत. एक तह असाच बसथांब्याच्या छपराखाली आला. चार लिप्यांत वर्तमानपत्र काढणारा जुना मुद्रक तर थेट मामांच्या थोरल्या बहिणीच्या घरात शिरला, कारण तिच्या ओट्यावर गारवा होता आणि वर प्यायला पाणी मिळे.

ताई शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणायची, "आपल्या बापाने या घरात कधी पेपर वाचला नाही, आणि तू छापून मोकळा झालास."

एके दिवशी विद्यार्थ्यांबरोबर परवाना कचेरीतल्या बाई होत्या. मामांचा शहर दाखवण्याचा परवाना संपत आला होता आणि बाईंच्या शेऱ्याशिवाय तो वाढणार नव्हता.

ओट्यावर मुद्रकाची हकिगत रंगात आली आणि एक चष्मेवाली मुलगी उठून समोरच्या घराकडे गेली. तिथे रणरणत्या उन्हात भिंतीच्या चुन्याचे पोपडे गळाले होते, आणि खाली दगडात चार लिप्या स्वच्छ कोरलेल्या.

"मग हे काय आहे?" तिने तिथूनच विचारलं.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. आत शिवणयंत्र थांबलं. ताईने तोंड उघडलं असतं तर कारभार आटोपलाच होता. पण हा भाऊ दिवसभर आपल्याच ओट्यावर बसलेला तिला परवडणारा नव्हता.

"तो छापखाना," मामा म्हणाले. "मुद्रक राहायचा इथे."

खोटं इतकं सफाईने निघालं की त्यांचं त्यांनाच पटलं. बाईंनाही पटलं, नवी माहिती आणि खरी माहिती यांतला फरक कचेरीत कुणाला कळतो? त्यांनी परवाना वाढवला आणि खाली अट लिहिली: यापुढे छापखान्यासमोर अर्धा तास थांबून सविस्तर माहिती द्यावी.

आता रोज भर दुपारी मामा त्या भिंतीशी भाजत उभे असतात. पाणी मागितलं की ताई ओट्यावरून सांगते, "पाणी घरी राहणाऱ्याला. तू कामावर आहेस."