सुई टोचायच्या आधी

अकरा फेब्रुवारी. सकाळी साडेसहाला नळाला पाणी आलं. आमच्या कळंबच्या गल्लीत ते आठवड्यानं येतं आणि तासाभरात जातं, त्यामुळे त्या तासात बाकी सगळं थांबतं. मी मोटार लावली, एक बॅरल भरला, दुसऱ्यात नळी सोडली आणि घड्याळ पाहिलं. सातला पाच कमी. लेकीच्या सुईची वेळ.

लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती. दिवस भरत आले होते. पाचव्या महिन्यात तिचा डावा पाय सुजून टणक झाला आणि शिरेत रक्ताची गाठ निघाली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची सुई, सकाळी सात आणि संध्याकाळी सात, पोटाच्या कातडीत. सासरी नवरा टोचायचा, माहेरी मी, तिची आई. मी एसटीत कंडक्टर. सात म्हणजे सात.

बाळंतपण धाराशिवला करायचं ठरलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून समजावलं होतं. "सुई घेतल्यावर चोवीस तास कमरेत भूल देता येत नाही, तिथं रक्त साकळलं तर पाय जातात. सुईच्या अंमलात पोट फाडलं तर रक्त आवरत नाही. त्यातून ऑपरेशननंतर पुन्हा गाठीची भीती. आपली आपण मोकळी झाली तर सगळ्यात बरं. सोमवारपर्यंत वाट बघू. नाहीतर सुई थांबवून, दवाखान्यात घेऊन कळा आणू."

घरी येऊन मी कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या पाठीमागं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि फ्रीजवर चिकटवलं. कळ आली, पाणी गेलं, डाग दिसला, तर पुढची सुई नाही. आधी फोन, मग गाडी. रस्ता येरमाळ्याचा, ढोकीवरून जायचं नाही, कारखाना चालू आहे, उसाचे ट्रॅक्टर आडवे येतात. दुहेरी ट्रॉलीमागं अडकलेली बस मी कितीदा सोसली आहे.

हे सगळं लिहिलेलं असताना त्या सकाळी मी ओले हात पुसले, स्पिरिटचा बोळा फिरवला, चिमटीत कातडी धरली आणि सुई दिली. कान मोटारीकडं होते. ती भिंतीकडं तोंड करून पडलेली होती. काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. बॅरल वाहून चालला होता.

सव्वासातला ती ओट्याला धरून वाकली. चेहरा पाहिला आणि मी मोटार बंद केली.

"कधीपासून?"

"पहाटे तीनपासून."

"अगं मग आत्ता सुई घेताना तोंड शिवलं होतं का?"

मी फोन लावला. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "लगेच निघा." शेजारच्या आजी पाण्याची घागर घेऊन दारात होत्या. त्यांनी घागर तिथंच ठेवली आणि सांगून ठेवलेल्या गाडीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसल्या. "आता काय बघताव कंडक्टरबाई? बेल मारा अन् निघा."

गाडी येरमाळ्याच्या रस्त्याला लागली. कळ आली की लेक माझं मनगट धरायची. मी विचारलं, "फ्रीजवरचा कागद रोज वाचत होतीस ना?"

"वाचत होते."

"मग?"

आजींनी मधेच तोंड घातलं. "अवं, कळा सांगू न्हाईत. सांगितल्या की लांबत्यात. आमी कुणी सांगितल्या व्हत्या?"

"आजीचं न्हाय गं ऐकलं म्या," लेक म्हणाली. कळ ओसरेपर्यंत थांबली. "तुझंच ऐकलं. हरभऱ्याची पात."

ती गोष्ट माझीच. तिच्या वेळी मी सासरी, ईट गावाजवळच्या शेतात हरभरा उपटत होते. कळा सुरू झाल्या तरी हातातली पात, म्हणजे वाट्याला आलेली ओळ, पुरी केली, बांधावर येऊन पाणी प्याले, मग सासूबाईंना सांगितलं. घरी पोचल्यावर अर्ध्या तासात मोकळी. ही गोष्ट मी डोहाळजेवणांत सांगितली, डेपोत सांगितली, बसमध्ये अवघडलेली बाई दिसली की तिलाही सांगितली. लेकीला तर किती वेळा. "एवढ्यातेवढ्यानं ओरडायचं नसतं," हे शेपूट लावून. फ्रीजवर माझं एक म्हणणं लावलेलं होतं आणि तिच्या कानात दुसरं, वीस वर्षं जुनं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सुईची वेळ विचारली, पुन्हा विचारली, आणि माझ्याकडं पाहिलं. "विचारलं नव्हतं?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी रागावण्यात वेळ घालवला नाही. रक्ताच्या दोन पिशव्यांची सोय करायला सांगितली. सीझरची वेळ आली तर पूर्ण भूल द्यावी लागेल, ती वेळ येऊ नये एवढं बघू, म्हणाल्या. लेकीला चालायला लावलं.

तो दिवस मला बसून काढता आला नाही. ती आत चालत होती, मी बाहेर. सिस्टर म्हणाली, "मावशी, तुमचं काय चाललंय? बाळंत कोण होणारंय?" दुपारी बाळाचे ठोके मंदावले. तिला कुशीवर निजवलं, दोघी-तिघी आत धावल्या. एक सिस्टर सीझरच्या संमतीचा कागद घेऊन आली. मी सही केली. पाऊण तासानं ठोके सावरले आणि तो कागद तसाच फाइलीत राहिला.

संध्याकाळी, दिवेलागणीला, ती आपली आपण मोकळी झाली. मुलगी. त्यानंतर रक्त नेहमीपेक्षा जास्त गेलं. सलाईनमधून औषध दिलं, डॉक्टरीणबाई पोटावर हात दाबून बराच वेळ उभ्या होत्या. थांबलं तेव्हा त्यांनी हातमोजे काढले आणि मला म्हणाल्या, "पिशव्या लागल्या नाहीत." आजी बाळाला बघून म्हणाल्या, "आईसारखी घुमी न्हाय, लई वरडती." आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगायला लागल्या, "ह्या कंडक्टरबाई तर हरभऱ्याची पात..."

"आजी," मी म्हणाले, "ती गोष्ट आता बंद."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी तपासून सुई पुन्हा सुरू करायला सांगितलं, अजून दीड महिना. सिस्टर ट्रे घेऊन आली. लेक म्हणाली, "आईच देईल." मी हात धुतले आणि खाटेच्या कडेला बसले. सातला दोन मिनिटं होती.

"कुठं कुठं दुखतंय ते सांग."

"कुठंच न्हाय."

"सांग."

मग तिनं सांगायला सुरुवात केली. टाके. कंबर. पाजून छाती हुळहुळी. सलाईनचा हात. आणि रात्रीपासून उजव्या पोटरीत ओढल्यासारखं. सात वाजून गेले. मी सुई ट्रेमध्ये परत ठेवली आणि पोटरीचं सांगायला सिस्टरमागं गेले. डॉक्टरीणबाई आल्या, पोटरी दाबून पाहिली, दोन्ही पाय टेपनं मोजले, आणि म्हणाल्या, काल दिवसभर आखडून चाललीय, गाठ नाही, द्या सुई.

सात वाजून वीस मिनिटांनी मी ती दिली.