नखाएवढा गर

आमच्याकडे माणूस आजारी पडलं की घरात मोसंबी येते. दवाखान्यात भेटायला जाणाराही मोसंबीच घेऊन जातो. म्हणून आमचा मेंढरांमागचा कुत्रा आजारी पडला तेव्हा बाबा वारंगा फाट्यावरून पिशवीभर मोसंबी घेऊन आले. त्यांना यात काहीच वेगळं वाटलं नाही.

माय म्हणाली, "मी आठ दिस तापानं पडले तवा दोनच आनल्या होत्या तुमी."

"तू राखती का मेंढरं लांडग्यापासून?" बाबा म्हणाले.

माय हसली, पण तिचंही लक्ष कुत्र्याकडेच होतं. दोन दिवस त्याला उलट्या झाल्या होत्या. इंजेक्शननं त्या थांबल्या, तरी सकाळपासून त्यानं पाण्याला तोंड लावलं नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत पाणी प्यायला नाही तर कळमनुरीला आणा, सलाईन लावावं लागेल; या वयात तो किती तग धरेल सांगता येत नाही. ज्या मेंढरांवर माझं शिक्षण झालं, ती माझ्या दहावीपासून त्यानं राखली होती.

बाबांनी रस काढला आणि माणसाला देतात तसं त्यात साखर-मीठ घातलं. कुत्र्यानं मान फिरवली. तेव्हा बाबांनी मेंढरांना औषध पाजायची बांबूची नळी काढली. मी त्यांचा हात धरला.

"काहून? माणसाला चालतं, त्याला काहून न्हाई?"

बी.एस्सी.च्या तीन वर्षांत कुत्र्याचं पोट कुठं आलंच नव्हतं. पण माहीत नसेल तर विचारावं, हे मात्र मी कॉलेजात शिकले होते. डॉक्टरांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकर चालू केला.

"नळीनं पाजू नका," डॉक्टर म्हणाले, "ठसका लागला तर रस फुफ्फुसात जाईल. साखर-मीठ तर नकोच. द्यायचंच असेल तर साल, बिया, पांढरा पापुद्रा सगळं काढा. सालीतलं तेल आणि बिया कुत्र्याला बाधतात. नुसता गर, तोही नखाएवढा. लिंबू अजिबात नको. आणि ते काही औषध नाही, नुसतं चव म्हणून. परत उलटी झाली तर तेही बंद. खरी गरज पाण्याची आहे."

"बराबर," बाबा म्हणाले आणि मांडी घालून बसले.

मेंढरांची लोकर कातरणारे ते जाड हात मी लहानपणापासून पाहत आले होते. त्या हातांनी त्यांनी फोडीवरचा पापुद्रा असा सोलला की आतला एकही दाणा फुटला नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत इतका स्थिर हात मी पाहिला नव्हता.

त्यांनी गर पुढे केला. कुत्रा शिंकला आणि मागे सरकला. बाबांचा चेहरा उतरला.

"अवो, हात धुवा आधी," माय म्हणाली. "सालीचा वास मारून राहिला."

मी बाबांचा हात हुंगून पाहिला. मला तर काहीच वास आला नाही. पण तुरीच्या रानात मागे राहिलेलं कोकरू वासावर हुडकून आणणारं ते नाक! त्याला त्या दोन बोटांवर काय काय कळत असेल, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला.

बाबांनी राखेनं हात घासले आणि दोनदा धुतले. मायनं दुसरी फोड कापडानं धरून सोलली आणि नखाएवढा गर त्यांच्या ओल्या तळहातावर ठेवला.

"घे लेकरा."

बराच वेळ तो नुसता हुंगत राहिला. मग जिभेच्या टोकानं गर उचलला, हळूहळू चावला, आणि बाबांच्या तळहातावरचं पाणी चाटू लागला. पाणी संपलं तरी चाटतच होता.

मी पाण्याचं घमेलं पुढे सरकवलं.

तो उठला. पाय थरथरत होते. घमेल्यात तोंड घातलं आणि लपालपा प्यायला लागला.

"हलू नगा कोनी," बाबा हळूच म्हणाले.

आम्ही तिघंही होतो तिथंच थांबलो. पाणी खाली खाली जात होतं, आणि तो मान वर काढत नव्हता.