लोखंडवाली बॅटरी आणि ऐंशी टक्के

विजेवरची नवी गाडी दिसली की लोक तिचा रंग बघतात, आत वाकून पडदा किती मोठा आहे ते बघतात. आमच्यातला तो बॅटरीवाला मात्र सरळ उकिडवा बसायचा, गाडीच्या खालच्या पत्र्यावर बोटाने टकटक करायचा आणि मालकाला विचारायचा, "पोटात काय हाये गा? लोखंड का निकेल?"

बॅटरीत कोणता धातू आहे ते मालकाला माहीत नसायचं. त्याला गाडीत स्पीकर किती आहेत ते पाठ असायचं.

नागपुरात जरीपटक्यातल्या आमच्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावर रीतच होती. नवी गाडी रविवारी सकाळी तिथे आणायची, सगळ्यांना पोहे खिलवायचे आणि त्याच पोह्यांसोबत आपल्या गाडीची निंदा ऐकून घ्यायची. आम्ही सगळे निवृत्त. निवृत्त माणसाला दुसऱ्याच्या गाडीबद्दल जेवढं कळतं तेवढं ती बनवणाऱ्यांनाही कळत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल.

तो खापरखेड्याच्या वीज केंद्रात होता. तिथल्या बॅटरी-खोलीत शिशाच्या मोठ्या बॅटऱ्यांत पाणी भरण्यात, त्यांची निगा राखण्यात त्याची सगळी नोकरी गेली. शिक्षण आयटीआय. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. वयाने तो माझ्याहून मोठा, पण मी त्याला 'अरे' म्हणायचो आणि तो मला 'सर'. तो आल्याबरोबर 'जय भीम' म्हणायचा, मी नुसती मान हलवायचो. आता तुम्हीच सांगा, बॅटरीतलं रसायन लोकांनी कोणाला विचारायचं?

लोक त्यालाच विचारायचे.

एकदा एक कापड दुकानदार भली मोठी गाडी घेऊन आला. साठ युनिटची बॅटरी, छाती त्याहून मोठी.

"रोज कुठं जाता शेठ?" त्याने विचारलं.

"दुकानात. इतवारीला."

"म्हंजे येऊन-जाऊन वीस किलोमीटर. मंग दोघांच्या भातासाठी पंगतीचं गंज काहून चुलीवर मांडून राहिले? तिसाची घेतली असती त हप्ताभर पुरली असती. बाकीचं वजन फुकट वाहून राहिले तुम्ही."

शेठने प्लेट खाली ठेवली. ते पाहून बॅटरीवाला समजुतीने म्हणाला, "निकेलवाली वाईट नाई गा. तेवढ्याच वजनात जास्त पल्ला देते. ज्याले दर हप्त्याले पुन्याले जायचं हाये, त्यानं घ्यावी. पन आपल्या मे महिन्यात उन्हात उभी करान, त लोखंडवालीच जास्त वर्षं टिकन."

वर्तमानपत्रात वाचलेलं मी लगेच पुढे सरकवलं. "लोखंडवाली थंडीत मार खाते म्हटलं."

"खाते नं सर. पन नागपुरात बर्फ पडते काय?"

सगळे हसले. एकाच्या नाकातून तर्री आली. मीही हसलो, कारण न हसणं आणखी वाईट दिसलं असतं.

माझा मेहुणा त्याच्याच सल्ल्याने लोखंडवाली, लहान बॅटरीची गाडी घेऊन आला. बॅटरीवाल्याने पत्रा वाजवला, खूश झाला आणि माझ्यादेखत बजावलं, "हिले पोटभर जेवू द्या. हप्त्यातून एकदा तरी पुरी शंभरावर नेत जा. नाई त मीटर खोटं बोलाले लागते. ऐंशीवर थांबवाचं ते निकेलवालीचं पथ्य, हिचं नोहे."

मेहुणा तेव्हा पोह्यांवर आणखी शेव मागत होता. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "भाऊजी, किती चार्ज करायचं म्हणाला होता तो?"

त्याने शंभर सांगितलं होतं हे मला लख्ख आठवत होतं. पण लिथियमची बॅटरी ऐंशीच्या वर नेऊ नये, असं मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणजे त्याचंच चुकलं, असं मी ठरवलं. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या होत्या, हीही तपासली. "ऐंशीच्या वर अजिबात नको," मी म्हणालो.

"तो म्हणाला ना असं? नक्की?"

इथे मी 'नाही, हे माझं मत' म्हणायला हवं होतं. पण माझ्या मताने मेहुण्याने कधी टॉर्चचे सेलसुद्धा घेतले नसते.

"हो, तोच म्हणाला," मी म्हणालो.

चार महिने गाडी ऐंशीवर थांबत राहिली आणि मीटर हळूहळू खोटं बोलायला शिकलं. मे महिन्यात मेहुण्याच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, वरपक्षाच्या घरी, कन्हानला. आदल्या दिवशीची खरेदी त्याच गाडीने झाली होती. कामठी ओलांडताना मीटर सतरा टक्के दाखवत होतं, आणि कन्हानच्या पुलाअलीकडे गाडी एकदम मेली. भर उन्हात नवरीमुलगी, तिची आई आणि मिठाईचे डबे भाजीच्या टेम्पोतून वरपक्षाच्या दारात उतरले. पदराला कोथिंबीर लागलेली. नवरदेवाच्या काकांनी विचारलं म्हणे, "सोबत वांगी बी आणली काय?"

पुढच्या रविवारी मेहुणा ठेल्यावर आला तो ओरडतच. "पाणी भरणाऱ्याचं ऐकून गाडी घेतली! ऐंशीवर ठेवा म्हणे! माझ्या पोरीची शोभा केली तुम्ही!"

बॅटरीवाला गोंधळला. "मी ऐंशी नाई म्हनलो, साहेब." मग माझ्याकडे वळला. "सर, तुम्ही होते नं तिथं? मी शंभर म्हनलो का ऐंशी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सगळ्यांच्या प्लेटी हातात होत्या.

"आता नक्की आठवत नाही," मी म्हणालो. "पण ऐंशीच म्हणाला असशील."

त्याने हातातली प्लेट बाकावर ठेवली. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"सर म्हनते त म्हनलो असीन," एवढंच बोलला आणि गेला.

तो अधूनमधून येत राहिला. नवी गाडी आली तरी बाकावरून उठायचा नाही. कोणी विचारलंच, तर "सरले विचारा" म्हणायचा. लोक मला विचारू लागले आणि मी सांगूही लागलो. माणूस किती निर्लज्ज असतो पाहा, मला ते आवडलं.

थंडीत तो वारला. भेटायला गेलो तेव्हा त्याच्या मुलीने चहा दिला आणि सहज म्हणाली, "बाबा मांगच्या उन्हाळ्यापासून इसराले लागलो म्हनत होते, सर. मले शंभर आठवते, अन् मी ऐंशी म्हनलो, म्हने. मेंदूच्या डॉक्टरकडेही जाऊन आले. डॉक्टर म्हने काहीच नाई. पन बाबाले पटलं नाई. गॅस बंद केला का, थे मले तीन-तीन खेपा पाहाले लावत."

मी तिला तिथेच खरं सांगितलं. ती कपबशी हातात घेऊन ऐकत होती.

"मंग हे त्यायले काहून नाई सांगितलं, सर?"

मी उठलो आणि चपला घातल्या.

त्या रविवारी ठेल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं. मेहुणाही होता. मग एकाने माझ्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ द्या सर. गेलेल्या माणसाचा दोष तुम्ही अंगावर घेऊन राहिले." मेहुण्याचे डोळे पाणावले. म्हणाला, "भाऊजी, तुमचं मनच मोठं."

तीनदा सांगून पाहिलं. दर वेळी माझा मोठेपणा वाढतच गेला. म्हणून इथे लिहून ठेवतो. तो शंभर म्हणाला होता. अगदी स्पष्ट, माझ्यापासून दोन हातांवर उभा राहून. त्याची स्मरणशक्ती शेवटपर्यंत चोख होती.